पेनकिलर घ्यायची कशी: पंचवटीतल्या मेडिकलच्या काउंटरमागून

आमचं मेडिकल पंचवटीत आहे आणि सकाळी शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा दुखण्याचंच असतं. "ताई, ती दुखण्याची गोळी द्या, मागच्या वेळी दिली होती ती." बस, नाव नाही, चिठ्ठी नाही. परवा एका काकांनी पाकिटातून घडी घातलेला कागद काढला, त्यात स्ट्रिपचा कात्रीने कापलेला एवढासा चौकोन, आत एक गोळी, मागे नुसतं "…नॅक एसआर" एवढंच वाचता येत होतं. एक्सपायरी कापलेल्या बाजूला गेली, मिलिग्रॅम पण तिकडेच गेले. आणि ही गोळी त्यांना शेजारच्यांनी दिली होती, शेजाऱ्यांना त्यांच्या मुलाने.

म्हणून म्हटलं ह्या दुखणं आणि सूज कमी करणाऱ्या गोळ्यांबद्दल (एनएसएआयडी म्हणतात ह्या घराण्याला) एकदा सगळं नीट लिहूनच काढू. मी बी.फार्म आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे "कोणती गोळी घेऊ" याचं उत्तर इथे मिळणार नाही, पण गोळी तोंडात टाकायच्या आधी काय काय बघायचं ते सांगते.

आधी ही गोळी करते काय ते समजून घ्या

सगळ्यांना वाटतं की गुडघा दुखतो तर गोळी गुडघ्यात जाते. तसं काही नसतं हो. गोळीला गुडघा कुठे आहे ते माहीतच नसतं, ती रक्तातून सगळीकडे फिरते आणि सगळीकडे एकच काम करते.

काम काय, तर आपल्या पेशींच्या आवरणातून अ‍ॅरॅकिडोनिक ॲसिड नावाचा पदार्थ सुटतो, त्याच्यावर कॉक्स नावाचं एन्झाइम काम करतं आणि प्रोस्टाग्लँडिन तयार होतात. हे प्रोस्टाग्लँडिन जिथे मार लागलाय, सूज आहे, तिथे नसांची टोकं हळवी करून ठेवतात. दिंडोरीकडे दिवसभर द्राक्षाची छाटणी करून आलेल्या माणसाला रात्री चहाचा ग्लास धरला तरी अंगठ्यात कळ येते ना, ग्लासने काय कोणाला लागत नाही, पण तिथल्या नसा आधीच तापलेल्या असतात. गोळी कॉक्स बंद पाडते, प्रोस्टाग्लँडिन कमी होतात, नसा शांत होतात. ताप पण तसाच उतरतो कारण मेंदूतला थर्मोस्टॅट वर चढवायचं काम पण याच मंडळींचं. ॲस्पिरिन बाजारात आली १८९९ साली पण ती काम कशी करते हे शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी दाखवलं १९७१ मधे, त्याला १९८२ चं नोबेल मिळालं. म्हणजे सत्तर वर्षं लोक गोळी खात होते आणि आतमधे काय होतंय हे कोणालाच धड माहीत नव्हतं!

आता खरी मेख. कॉक्स दोन प्रकारचं. कॉक्स-१ घरातल्या रोजच्या कामाचं, म्हणजे पोटाच्या अस्तरावर चिकट थर टिकवणं, किडनीत रक्त नीट जाऊ देणं, प्लेटलेट्सना (रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी) चिकटायला मदत करणं. कॉक्स-२ मुख्यतः सूज आली की जागं होतं (किडनीत मात्र ते एरवीही कामावर असतं). ब्रुफेन (म्हणजे आयब्युप्रोफेन), डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ह्या जुन्या गोळ्या कमीजास्त प्रमाणात दोन्ही बंद करतात, म्हणून दुखणं थांबतं आणि पोट पण बिघडतं. मग कंपन्यांनी डोकं लावलं की फक्त कॉक्स-२ बंद करू. त्यातून सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब वगैरे आल्या. पोटाला त्रास खरंच कमी झाला, पण रोफेकॉक्सिब नावाची त्यातलीच एक गोळी हार्ट ॲटॅकचं प्रमाण वाढल्यामुळे २००४ मधे कंपनीला जगभरातून मागे घ्यावी लागली. पोट वाचवायला गेलो तर हृदय अडकलं.

पायरी पहिली: दुखणं या गोळीच्या कामाचं आहे का

पाय मुरगळला, दाढ काढली, पाळीचा त्रास, संधिवाताची सूज, गाउटमधे सुजलेला अंगठा, मुतखड्याची कळ, इथे ह्या गोळ्या जोरात चालतात. पाळीत तर गर्भाशय आवळून धरणारे पण प्रोस्टाग्लँडिनच असतात, म्हणून दुखणं असह्य व्हायची वाट बघण्यापेक्षा सुरू होतानाच गोळी घेतली तर फायदा जास्त, तेही दोनतीन दिवस.

पण पायाला मुंग्या येतात, करंट मारल्यासारखं होतं, शुगरवाल्यांच्या तळपायाची आग होते, ते नसेचं दुखणं. त्याला ह्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. लोक म्हणतात "एकाने नाही झालं, दोन घेतो" आणि नुसतं पोट जाळून घेतात. तसंच नुसती कसर आहे, अंग मोडून आलंय, साधा ताप आहे, तर साधी पॅरासिटामॉल पुरते. पॅरासिटामॉल ह्या घराण्यातली नाही बरं का, ती दुखणं आणि ताप कमी करते पण सुजेवर जवळपास काही करत नाही आणि पोटाला पण तेवढी लागत नाही.

आणि पावसाळा सरता सरता नाशकात डेंग्यूचे पेशंट वाढतात, तेव्हा तापाला स्वतःच्या मनाने ब्रुफेन, डायक्लो, ॲस्पिरिन काहीही घ्यायचं नाही. डेंग्यूत प्लेटलेट्स आधीच कमी झालेल्या असतात, त्यात ह्या गोळ्या उरलेल्या प्लेटलेट्सना पण काम करू देत नाहीत, रक्तस्राव व्हायची भीती. डेंग्यू नाही असं डॉक्टर सांगेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल.

रोज डोकं दुखतं म्हणून रोज गोळी, हे पण एक चक्र आहे. महिन्यात १५ दिवस किंवा त्याहून जास्त गोळी चालू राहिली की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. असे दोघंतिघं माझ्याकडे नेहमीचे आहेत, सांगून थकले.

पायरी दुसरी: मोठं नाव सोडा, बारीक अक्षर वाचा

स्ट्रिपवर ठळक असतं ते कंपनीचं नाव, ते विसरा. त्याच्या खाली बारीक अक्षरात असतं ते खरं औषध. मागच्या महिन्यात एक मावशी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या आणि काउंटरवर उलटीच केली. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली डायक्लोफेनॅक, सुनेने दिलेली कॉम्बिफ्लाम, आणि आधीच्या कधीतरीच्या चिठ्ठीतली एटोरिकॉक्सिब. तीन रंग, तीन कंपन्या, तीन डबे भरून गोळ्या, आणि मावशींच्या हिशेबाने एक कंबरेची, एक गुडघ्याची, एक मानेची! अहो तिन्ही एकाच घराण्यातल्या. ह्या घराण्यातल्या दोन गोळ्या एका वेळी घेतल्या तर आराम दुप्पट होत नाही, आराम एका मर्यादेला जाऊन थांबतो, त्रास मात्र चढतच जातो.

तर ही नावं ओळखायला शिका, नुसती शेपटी बघितली तरी चालेल. "फेनॅक" दिसलं की डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅक. "प्रोफेन" म्हणजे आयब्युप्रोफेन, केटोप्रोफेन. "कॉक्सिब" म्हणजे नवीन पिढी. "ऑक्सिकॅम" म्हणजे पिरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅम. शेपटी नसलेल्या पण आहेत: नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड, मेफेनॅमिक ॲसिड, केटोरोलॅक आणि अर्थात ॲस्पिरिन.

जोडगोळ्यांचा हिशेब वेगळा करावा लागतो. कॉम्बिफ्लाममधे आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. झेरोडॉल-पी मधे एसिक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. मेफ्टाल-स्पासमधे मेफेनॅमिक ॲसिड २५० आणि डायसायक्लोमिन १०. समजा सर्दीतापात कोणी झेरोडॉल-पी दोन वेळा घेतली, वर डोलो ६५० तीन वेळा, आणि सर्दीची एक गोळी तीन वेळा जिच्यात पॅरासिटामॉल ५०० असतं. करा बेरीज: ६५० अधिक १९५० अधिक १५००, झाले ४१०० मिलिग्रॅम. धडधाकट माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४०००. रोज पिणारा असेल, लिव्हर अशक्त असेल तर मर्यादा अजून खाली. आणि त्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल मी तर पॅरासिटामॉल घेतलीच नाही, डोलो घेतली.

"एसपी" वाली सेरॅटिओपेप्टिडेज टाकलेली गोळी लोक फार आवडीने मागतात, सूज उतरते म्हणून. माझं प्रामाणिक मत, सूज उतरवतो तो फेनॅक, बाकीच्याचा पुरावा तोकडा आहे.

पायरी तिसरी: गोळी बघून झाली, आता स्वतःकडे बघा

ही पायरी लोक गाळतात आणि आमच्या घरात पण गाळली गेली, म्हणून इथे जरा जास्त लिहिते.

आमचे सासरे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, वय ६७. बीपीची गोळी चालू, टेल्मिसार्टन आणि त्यातच लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी असते, वीस किलोमीटर, अण्णा अनवाणी करतात. सोमवारचा उपास, त्यात लघवीला कुठे जायचं म्हणून पाणी मुद्दाम कमी प्यायलेलं. रात्रभर चालून पाय सुजले तर बरोबरच्या एकाने डायक्लोफेनॅक एसआर १०० ची (एसआर म्हणजे औषध हळूहळू सोडणारी) स्ट्रिप दिली. अण्णांनी सकाळ-संध्याकाळ एकेक अशी तीन दिवस घेतली. म्हणजे दिवसाला २०० मिलिग्रॅम, कमाल मर्यादा १५० असताना. सून मेडिकल चालवते आणि तिलाच पत्ता नाही! चौथ्या दिवशी म्हणाले लघवी कमी होतेय, घोट्यापाशी बोट दाबलं तर खड्डा पडत होता. क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढतं ते) २.४ आलं. सहा महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टला १.१ होतं.

झालं काय ते सांगते. किडनीच्या चाळणीत रक्त आणणारी एक बारीक नळी असते आणि नेणारी एक. पाणी कमी पडलं की आणणारी नळी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन करतात. गोळीने ते बंद केले, नळी आवळली. नेणारी नळी आवळून चाळणीतला दाब टिकवायचा शरीराचा दुसरा उपाय असतो, तो टेल्मिसार्टनने आधीच काढून घेतलेला. आणि लघवीच्या औषधाने मुळातच शरीरातलं पाणी कमी केलेलं. तिन्ही बाजूंनी नाकेबंदी. डॉक्टरांनी डायक्लो तिथल्या तिथे बंद केली, सलाइन लावलं, बीपीची गोळी थोडे दिवस थांबवली, दोन आठवड्यांत १.२ वर आलं. नशीब.

तर बीपीची "सार्टन" किंवा "प्रिल" शेवट असलेली गोळी आणि लघवीची गोळी चालू असेल, तर दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नाही. उलट्या, जुलाब, कडक ऊन, उपास, लांबची चाल, असल्या दिवशी तर नाहीच. शिवाय ह्या गोळ्या मीठ-पाणी अंगात धरून ठेवतात त्यामुळे बीपी वर सरकतं, मग माणूस म्हणतो बीपीची गोळी काम करत नाही.

विषय किडनीचा निघालाच आहे तर, आपल्या अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं आहेत ना, ती देशभरातून जवळपास संपली ती याच डायक्लोफेनॅकने. गुरांना दिलेलं औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि किडन्या निकामी झाल्या. २००४ मधे कारण सापडलं, २००६ मधे आपल्याकडे गुरांसाठी बंदी आली, आणि माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जायला लागल्या म्हणून २०१५ मधे ३ मिलीच्या वर बाटली विकायला पण मनाई झाली.

पोटाचं सांगायचं तर, अल्सर झालेला माणूस दुखतंय म्हणून येईलच असं नाही, दुखणं तर गोळीने दाबलेलं असतं. थेट काळी डांबरासारखी शौच होते तेव्हा कळतं. पूर्वी अल्सर झालेला, वय पासष्टच्या पुढे, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू, यांना धोका जास्त. "मग इंजेक्शनच देऊन टाका, पोटाला नको" असं म्हणतात लोक, पण इंजेक्शन घेतलं तरी औषध रक्तातूनच पोटाच्या अस्तरापर्यंत जातं. आणि मिसळ खाल्ल्याने अल्सर होत नाही हो, मिसळीला उगाच बदनाम करू नका.

हार्ट ॲटॅक, पॅरालिसिस झालेल्यांनी डायक्लोफेनॅकपासून लांबच राहावं, युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मधेच तसं स्पष्ट सांगितलंय. नॅप्रोक्सेन हृदयाला त्यातल्या त्यात सौम्य मानतात पण पोटाला कडक.

हृदयासाठी ७५ ची ॲस्पिरिन घेणाऱ्यांची गोष्ट मजेशीर आहे. ॲस्पिरिन कॉक्सला कायमचं कुलूप लावते, प्लेटलेटला नवीन कॉक्स बनवता येत नाही म्हणून तिचा परिणाम प्लेटलेट जिवंत असेपर्यंत, सात ते दहा दिवस. पण आधी ब्रुफेन घेतली असेल तर ती एसटीत रुमाल टाकून ठेवल्यासारखी ती जागा धरून बसते. ॲस्पिरिन येते, जागा नाही, आणि ती रक्तात टिकते जेमतेम पंधरा-वीस मिनिटं, म्हणजे ब्रुफेन उठेपर्यंत ॲस्पिरिन गाडीतून उतरलेली असते. म्हणून साधी ॲस्पिरिन आधी घ्यायची आणि ब्रुफेन निदान अर्ध्या तासाने, नाहीतर ब्रुफेननंतर आठ तासांनी ॲस्पिरिन. कोटिंगवाल्या ॲस्पिरिनला हे वेळापत्रक जसंच्या तसं लागू होत नाही, तिथे हृदयाच्या डॉक्टरांनाच विचारा.

दमा आहे आणि नाकात पॉलिप आहेत, त्यांना ह्या गोळीने अचानक धाप लागू शकते. गरोदर बाईने विसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय नाही, शेवटच्या तीन महिन्यांत तर बाळाच्या हृदयाजवळची एक नळी वेळेआधी बंद व्हायचा धोका. लहान मुलांना ॲस्पिरिन नाही, आणि निमेसुलाइडला बारा वर्षांखाली आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे तरी अजून मागायला येतात. लिथियम, मेथोट्रेक्सेट, वॉर्फरिन यातलं काही चालू असेल तर काउंटरवर आधी ते सांगा.

पायरी चौथी: किती, कधी, कशी

सगळ्यात कमी डोस, सगळ्यात कमी दिवस. आयब्युप्रोफेनचा दुखण्यावरचा परिणाम ४०० मिलिग्रॅमच्या आसपास थांबतो, एका वेळी ८०० घेऊन आराम दुप्पट होत नाही. स्वतःच्या मनाने घेत असाल तर दिवसाला १२०० च्या पुढे नाही. एसिक्लोफेनॅक १०० दिवसातून दोनदा. केटोरोलॅक पाच दिवसांच्या वर नाहीच.

कोणाला तीनदा आणि कोणाला एकदा का, तर औषध रक्तातून निम्मं व्हायला लागणारा वेळ. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक दोनेक तासांत निम्म्या होतात. नॅप्रोक्सेनला १२ ते १७ तास, एटोरिकॉक्सिबला साधारण २२, पिरॉक्सिकॅमला तर दोन दिवस. म्हणून सकाळी एटोरिकॉक्सिब घेऊन दुपारी "उतरली वाटतं" म्हणून ब्रुफेन टाकली तर ती उतरलेली नसते.

जेवून घ्या, भरपूर पाण्याबरोबर घ्या, आणि घेतल्या घेतल्या आडवे होऊ नका. एसआर किंवा कोटिंगवाली गोळी तोडायची, कुटायची नाही. पॅन ४० (ॲसिडिटीची गोळी) दिली असेल तर ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी उपाशीपोटी, दोन्ही गोळ्या एकदम घशात टाकून उपयोग नाही. आणि पॅन फक्त वरचं पोट सांभाळते, किडनी आणि हृदयाला तिचा काही आधार नाही, त्यामुळे "पॅन घेतली ना, मग चालतंय" असं नसतं.

गुडघा, घोटा, बोटं दुखत असतील तर गोळीच्या आधी जेल लावून बघा, मी तर याच मताची आहे. डायक्लोफेनॅक जेलमधून रक्तात गोळीच्या तुलनेत साधारण सहा टक्केच औषध जातं. पण लोक वाटाण्याएवढं लावतात आणि म्हणतात फरक नाही. गुडघ्याला एका वेळी २ ते ४ ग्रॅम लागतं, दिवसातून तीनचारदा, म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब आठवडाभरही पुरत नाही. वरून गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. खुब्याच्या सांध्याला जेलचा उपयोग नाही, तो फार खोल असतो.

बाजारात सांधेदुखीवर विनालेबलच्या पुड्या मिळतात, दोन दिवसांत माणूस उड्या मारायला लागतो. अशा पुड्यांमधे बरेचदा स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक कुटून घातलेलं असतं. घेत असाल तर एकदम बंद पण करू नका, आधी पुडी घेऊन डॉक्टरकडे जा.

पायरी पाचवी: कुठे थांबायचं

काळी शौच, रक्ताची उलटी, लघवी कमी, चेहरा-पाय सुजणं, छातीत दुखणं, धाप, अंगावर पुरळ आणि ताप, यातलं काही दिसलं की गोळी बंद आणि दवाखाना. पुरळाचं विशेष सांगते कारण मेफेनॅमिक ॲसिडबद्दल २०२३ च्या शेवटी आपल्या भारतीय औषधसंहिता आयोगाने इशारा काढला होता, ड्रेस नावाची गंभीर ॲलर्जी होऊ शकते, आणि ती गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांनी पण उमटते, त्यामुळे लोकांना गोळीशी संबंध लागत नाही. आणि काहीच झालं नाही पण पाचसात दिवस गोळी घेऊनही दुखणं तसंच आहे, तर गोळी बदलून मागू नका, दुखण्याचं कारण शोधायला जा.

अण्णा या श्रावणात परत फेरीला जाणार म्हणतायत. पिशवी मीच भरणार आहे: पॅरासिटामॉल ६५० ची न कापलेली स्ट्रिप, जेलची मोठी ट्यूब, दोन बाटल्या पाणी, आणि खिशात चालू गोळ्यांची नावं लिहिलेली चिठ्ठी, तिच्यावर खाली माझा नंबर. लिंबू सरबत पण द्यायचं ठरवलंय, पण त्यात साधं मीठ चालेल की सैंधवच लागेल यावरून सासूबाईंचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.